कुलथेकाकांचा माशीमार

कुलथेकाकांच्या तोंडून 'हो' ऐकायला मिळणं अवघड होतं. 'नाही' हेही ते सहसा म्हणत नसत. नाशिकला रविवार कारंज्याजवळच्या एका गल्लीत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. तिथे ते दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "आधीचं बरं की आताचं?" असं विचारत बसत. लोक ठामपणे उत्तर देत आणि चष्मा घेऊन जात. काका स्वतः मात्र कशालाच ठाम उत्तर देत नसत. चहात साखर पडली आहे का, असं काकूंनी विचारलं, तर एक घोट घेऊन, जरा थांबून म्हणत, "असावी."

या स्वभावापायी एक लग्न मोडलं होतं. शेजारच्या मुलाची चौकशी करायला सिन्नरहून मुलीकडचे दोघं आले आणि चष्मा बघायच्या निमित्ताने काकांच्या दुकानात बसले. मुलगा कसा आहे, असं त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "उजव्याला पाऊण, डाव्याला एक."

"तसं नाही हो, वागायला कसा आहे?"

"दुकानात येतो तेव्हा शांत असतो."

"काही व्यसन वगैरे?"

"दुकानात करत नाही."

पाहुणे चहा न घेता गेले. मुलाची आई महिनाभर काकूंशी बोलली नाही. आपलं काय चुकलं, हे काकांना शेवटपर्यंत कळलं नाही. मुलगा दुकानाबाहेर काय करतो ते मी पाहिलेलं नाही, मग सांगू कसं, असं त्यांचं म्हणणं होतं. तो मुलगा सुपारीसुद्धा खात नव्हता, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

माझी नि त्यांची ओळख चष्म्यापायीच झाली. नव्वद सालच्या पुढची गोष्ट. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नुकतीच लागले होते आणि पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे मला दोन दोन दिसायला लागले होते. काकांनी नंबर काढला, चष्मा तयार केला आणि तो माझ्या नाकावर ठेवून मला दंडाला धरून फुटपाथवर आणलं. ही त्यांची पद्धत होती. फलकावरची अक्षरं लोकांना पाठ झालेली असतात, त्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. समोरच्या घराच्या कौलांकडे बोट करून त्यांनी विचारलं, "काय बसलंय?"

"पक्षी."

"कुठला?"

"साळुंकी आहे."

"पाहिलंस की वाटलं?"

मी पुन्हा पाहिलं. चोच पिवळी होती, डोळ्यामागे पिवळा पट्टा होता. "पाहिलं," मी म्हटलं. तेव्हा ते म्हणाले, "नंबर बरोबर आहे तुझा," आणि मग पावती फाडली. कौलांवर काहीच बसलेलं नसलं, तर गिऱ्हाइकाला काहीतरी येऊन बसेपर्यंत थांबावं लागे. घाईतली माणसं वैतागत. काका त्यांना बसायला स्टूल देत.

पुढच्या रविवारी त्यांनी मला आमच्या गावातल्या पक्षी मंडळाच्या सहलीला नेलं आणि महिन्याभरात मी मंडळाची चिटणीस झाले. अक्षर बरं असलेल्या बाईला कुठल्याही मंडळात याहून वेगळं काही होता येत नाही. अध्यक्ष होते डॉक्टर निफाडकर, लहान मुलांचे डॉक्टर. माणूस उमदा, आवाज मोठा, आणि सत्कार करण्याची भारी हौस. सहलीला बस वेळेवर आणली म्हणून त्यांनी एकदा एस.टी.च्या चालकाचा गुलाबाचं फूल देऊन सत्कार केला होता. आभाळात ठिपका दिसला की डॉक्टर "गरुड!" म्हणून मोकळे होत. मी तसं लिहून घेतलं की काका मागून हळूच म्हणत, "मोठा पक्षी, तपकिरी, असं लिही. त्याने नाव सांगितलेलं नाही." डॉक्टरांना हा विनोद वाटे. काका विनोद करत नसत.

म्हणून त्या हिवाळ्यात जे झालं, त्याचा एवढा गवगवा झाला.

घोटीच्या पुढे, भातखाचरं संपून डोंगर सुरू होतो तिथे एक घळ आहे. दोन्ही बाजूंना गच्च झाडी, मध्ये खडकांतून झिरपणारं पाणी, आणि भर दुपारीसुद्धा आत अंधारलेलं. आम्ही दहाबारा जण रांगेने चाललो होतो. काका पुढे होते, त्यांच्या मागे मी. ते एकदम थांबले आणि हात वर केला. मला फक्त त्यांची पाठ आणि खाकी टोपी दिसत होती. थोड्या वेळाने हात खाली आला. ते वळले, तेव्हा त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, यांना काहीतरी चावलं.

"काय होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काळा-नारिंगी माशीमार."

हा पक्षी चिमणीहून लहान. डोकं आणि पंख काळेभोर, बाकी सगळा नारिंगी. नीलगिरीच्या उंचावरच्या थंड, धुक्यातल्या जंगलात तो राहतो. एखाद्या झुडपात जमिनीलगत बसतो, समोरून माशी गेली की झेप घेऊन धरतो आणि परत आपल्या त्याच काडीवर येऊन बसतो. डोंगर सोडून तो कुठे जात नाही. सोडलाच तर नाशिक जिल्ह्यात येण्याचं त्याला काही कारण नाही.

"असावा, म्हणताय?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "होता."

दुसरं कोणी म्हटलं असतं, तर आम्ही हसून पुढे गेलो असतो. पण साखरेबद्दलसुद्धा छातीठोकपणे न बोलणारा माणूस 'होता' म्हणत होता. शिवाय त्यांनी तो पक्षी आधी पाहिलेला होता. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी ते काकूंना घेऊन उटीला गेले होते. त्या प्रवासाबद्दल काकू एवढंच सांगत, "लोक उटीला बागा बघतात, तलाव बघतात. आम्ही एक झुडूप बघितलं. सकाळी बघितलं, जेवून आल्यावर पुन्हा बघितलं." म्हणजे त्यांना तो पक्षी ओळखू येईल का, हा प्रश्नच नव्हता.

आम्ही अर्थातच परत घळीत शिरलो. काकांनी दाखवला तो खडक पाहिला, त्यालगतचं झुडूप पाहिलं. पक्षी नव्हता.

सत्कार वाचनालयाच्या सभागृहात झाला. शाल, श्रीफळ आणि चौकटीतलं मानपत्र. मानपत्र डॉक्टरांनी स्वतः लिहिलं होतं, त्यात काकांना 'गरुडदृष्टीचे' म्हटलं होतं. उत्तरादाखल काका उभे राहिले, म्हणाले, "मी त्याला फार थोडा वेळ पाहिलं. तो सुंदर होता," आणि बसले. काकू पहिल्या रांगेत नवी पैठणी नेसून बसल्या होत्या. उटीच्या झुडपाचा त्यांनी त्या दिवशी मनातून हिशेब चुकता केला असावा. नारळाच्या त्यांनी करंज्या केल्या आणि डॉक्टरांच्या घरी पाठवल्या.

वर्तमानपत्रात फोटो आला. काकूंनी ते कात्रण चौकटीत बसवून दुकानात लावलं, बरोबर आरशाच्या वर, म्हणजे फ्रेम घालून बघणाऱ्याला आपल्या डोक्यावर काका दिसत. धंदा वाढला. ज्या माणसाला अंधारात एवढासा पक्षी दिसतो त्याच्याकडून चष्मा घ्यावा, असं लोकांना वाटणं स्वाभाविक होतं. देवळ्याहून कांद्याचे व्यापारी यायला लागले. त्यांनाही काका फुटपाथवर उभे करत.

तिकडे घळीच्या तोंडाशी यशवंत नावाच्या माणसाने झोपडीत चहा सुरू केला. पुण्या-मुंबईहून दुर्बिणी आणि तिपाया घेऊन माणसं येत, दिवसभर घळीत बसत आणि चहा पीत. यशवंतने पाटी लावली : 'माशीमार हॉटेल'. वर घोटीच्या पेंटरकडून पक्षी काढून घेतला. पेंटरने माशीमार पाहिला नव्हता, त्याने जो काढला तो पोपटाच्या जवळ जात होता. पक्षी कुणालाच दिसला नाही. यशवंत प्रत्येकाला सांगे, "आता सकाळच्या पारी व्हता की. तुमी उशीर केला."

असे तीन-चार हिवाळे गेले. मग एका सकाळी काका, मी आणि मंडळाचे आणखी दोघं पुन्हा त्या घळीत गेलो. त्याच वळणावर काका पुन्हा थांबले. या वेळी मी त्यांच्या शेजारी होते. त्याच खडकावर एक पक्षी बसला होता. काळा आणि नारिंगी. पक्षी हलला नाही. मग त्याची शेपटी थरथरायला लागली, आणि मग थांबेचना.

तो थिरथिरा होता. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा, नाशिकच्या प्रत्येक पडक्या भिंतीवर, प्रत्येक पाण्याच्या टाकीवर दिसणारा. काळा आणि खालून नारिंगी. तो आम्ही पक्षी म्हणून मोजतसुद्धा नसू.

आम्ही घोटीला परत आलो. स्टँडवर भजी खाताना काका म्हणाले, "त्या दिवशी मी शेपटी पाहिली नव्हती."

"पाठ पाहिली होती ना? थिरथिऱ्याची पाठ काळसर. माशीमाराची नारिंगी."

"पाहिली, असं वाटतंय."

त्यांनी भज्याचा घास खाली ठेवला. पुढचा, फुटपाथवरचा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला असणार, कारण मला तो विचारायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानातलं कात्रण उतरलं.

काकूंनी ते परत लावलं. काकांनी ते परत उतरवलं. हे आठवडाभर चाललं. मी एकदा त्यातच जाऊन सापडले. काकू मला म्हणाल्या, "तूच सांग यांना. सगळ्या गावाला माहीत झालंय. आता लोक काय म्हणतील? चष्मेवाल्यालाच दिसत नाही?"

"दिसलं होतं," काका म्हणाले. "काय दिसलं ते नक्की नाही."

"तुम्हाला माशीमार दिसला. तुम्ही म्हणालात, मी ऐकलं, झालं. आयुष्यात एकदा कशाला तरी हो म्हणालात, तेही परत घ्यायचं?"

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते दुकानासाठी नव्हतं, एवढं मला कळलं. शेवटी कात्रणाच्या जागी भिंतीवर एक फिकट चौकोन राहिला. काकूंनी तिथे गणपतीचं कॅलेंडर लावलं, ते त्या चौकोनापेक्षा लहान होतं.

काका मग डॉक्टर निफाडकरांच्या दवाखान्यात गेले. चिटणीस म्हणून मला बरोबर नेलं. गोवर आणि डांग्या खोकल्याच्या मुलांमध्ये आम्ही नंबर लावून बसलो. काकांच्या मांडीवर पिशवी होती. आत गेल्यावर त्यांनी तिच्यातून धुऊन इस्त्री केलेली शाल, मानपत्र आणि एक नारळ काढून टेबलावर ठेवला.

"हे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"सत्कार," काका म्हणाले. "परत आणलाय. नारळ तो नाही, त्याच्या करंज्या झाल्या. हा नवा आहे, पण जातीचा आहे."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले की थिरथिरा हे फार तर काकांचं आताचं मत झालं, त्या दिवशीचा पक्षी त्या दिवशी उडून गेला, आणि सत्कार परत घ्यायची मंडळाच्या घटनेत तरतूद नाही.

"मग करा," काका म्हणाले.

बाहेर मुलं रडत होती. "कुलथे, लोक विसरतील हो," डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले.

"म्हणूनच लवकर सांगायला पाहिजे. नंतर कोणाला सांगणार?"

मंडळाची सभा भरली. सत्काराला आले होते त्याच्या निम्मे लोक आले, पण बऱ्याच दिवसांनी मिळालेली करमणूक म्हणून ते मन लावून ऐकत होते. काकांनी उभं राहून सांगितलं की घळीत पाहिलेला पक्षी माशीमार होता याची आपल्याला खात्री देता येत नाही, म्हणून तो मंडळाच्या यादीतून काढावा. शाल, मानपत्र आणि नारळ त्यांनी टेबलावर ठेवला. आणि मग डॉक्टरांना राहवलं नाही. ते उठले. असा प्रामाणिक माणूस आपल्यात आहे, हे मंडळाचं भाग्य आहे, असं म्हणून त्यांनी टेबलावरची तीच शाल उचलली आणि काकांच्या खांद्यावर घातली. नारळ हातात दिला. टाळ्या पडल्या.

काका नारळ धरून उभे राहिले. इतका गोंधळलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. प्रामाणिकपणाबद्दल मिळालेला सत्कार परत करायची तरतूद तर कुठल्याच घटनेत नसते. मग त्यांनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, नारळ माझ्या हातात दिला आणि "हे काही बरोबर नाही" असं म्हणून घरी गेले. शाल मंडळाच्या कपाटात राहिली. नारळाची आम्ही चटणी केली.

माशीमार यादीतून निघाला. गिऱ्हाईक तुटलं. काही जण कॉलेज रोडवरच्या काचेच्या दुकानांत जायला लागले, तिथे यंत्रात डोकं घातलं की नंबर छापून येई आणि फुटपाथवर उभं राहावं लागत नसे. काका यशवंतकडेही स्वतः सांगायला गेले. यशवंतने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग काका, पाटी पुसू का?"

काकांनी पाटीकडे पाहिलं. "तुझ्या पाटीवर पोपट आहे," ते म्हणाले. "तो राहू दे."

पुढे काकांना काचबिंदू झाला. त्यांना तो सगळ्यांच्या आधी कळला असणार, पण ते कोणाला बोलले नाहीत. नजर कडेने मिटत जाते आणि मध्ये एक भोक तेवढं राहतं, तेही हळूहळू लहान होतं. ते दुकानाच्या उंबऱ्याला अडखळायला लागले, तेव्हा काकूंच्या लक्षात आलं. दुकान बंद झालं तेव्हा गावात मोबाइल आले होते आणि मुंबईचा रस्ता रुंद होत होता. मी त्यांच्याकडे अधूनमधून जायची. ते खुर्ची खिडकीशी ओढून बसलेले असत आणि बाहेरचे आवाज ऐकत.

एका डिसेंबरात काकू मला म्हणाल्या, "यांना एकदा त्या घळीत ने. बोलत नाहीत, पण मनात आहे." मी जीप ठरवली. काकूही आल्या. घोटी गेलं, खाचरांतला भात कापून झाला होता. यशवंतचं हॉटेल आता सिमेंटचं होतं आणि पाटीवरचा पोपट पुन्हा रंगवलेला होता. काकू तिथे बसल्या. "मी उटीला पुष्कळ बघितलंय," त्या म्हणाल्या.

काका माझ्या खांद्यावर हात ठेवून वर आले. वळणावर त्यांना मी एका दगडावर बसवलं आणि तोंड त्या खडकाकडे केलं. त्यांना खडक दिसत नव्हता. सवयीने त्यांनी टोपी सारखी केली. मला इतकं वाईट वाटत होतं की काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले.

"काका, खरं सांगा. तुम्हाला काय वाटतं? कोण होता तो?"

"माशीमार होता," ते लगेच म्हणाले.

"अजून असं वाटतं?"

"रोज वाटतं. त्याची पाठ मला आत्ताही दिसते."

"मग नारळ कशाला परत केलात?"

"जे मला नुसतं वाटतं, त्याला मंडळाने शाल कशाला द्यायची?" ते म्हणाले. काकूंना हे कधी सांगितलं का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली. "तिला सांगितलं असतं, तर तिने कात्रण परत लावलं असतं."

पाणी झिरपत होतं. मग खडकावर काहीतरी येऊन बसलं, काळं आणि नारिंगी. माझा श्वास अडकला, तो त्यांनी ऐकला.

"काय आहे?"

"काळा आहे. आणि नारिंगी."

"शेपटी?"

त्यांचे डोळे खडकाच्या जरा डावीकडे लागले होते. 'नाही हलत', एवढं म्हटलं की झालं असतं. कोणालाही कळलं नसतं. ते खाली जाऊन काकूंना सांगू शकले असते, आणि भिंतीवरचा तो फिकट चौकोन भरून निघाला असता. माझ्या ओठांवर आलं होतं.

"हलतेय, काका."

"पाहिलंस की वाटलं?"

"पाहिलं. थरथरतेय नुसती. थिरथिरा आहे."

काकांनी मान डोलावली. "त्याची टिकटिक मला मघाशीच ऐकू आली होती," ते म्हणाले. "नंबर बरोबर आहे तुझा."

मग त्यांनी हात पुढे केला, मी तो खांद्यावर घेतला आणि आम्ही खाली चहाला गेलो.